गवताचं चाक

ईटच्या बलभीमरावांकडं एक काळी मोटार होती. त्यांच्या वडिलांनी ती निजामाच्या कुण्या अंमलदाराकडून घेतलेली. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं, ते मोडून जिल्हा मुंबईला जोडला, मग महाराष्ट्र झाला. चार राज्यं बघून मोटार आपली तशीच उभी. इंजिन घोड्यासारखं दणकट, रंगही बरा. दैना होती ती टायरांची. पुढचे दोन म्हातारे आणि मागचे दोन त्यांचे थोरले भाऊ, असं गावातले लोक म्हणायचे. रबरावरची नक्षी कधीच झिजून गेली होती आणि उसवलेल्या गोधडीतून दोरे डोकवावेत तशी जागोजागी आतली सुतं दिसायची.

ही मोटार मुनवर चालवायचा. चाळिशीला टेकलेला, अंगानं सडपातळ, बोलायला कमी माणूस. बलभीमरावांच्या परसातल्या दोन खोल्यांत बायको हमिदाबी आणि दोन पोरींना घेऊन राहायचा. या टायरांवर मोटार चालती ठेवायची म्हणजे नुसती डायव्हरकी नव्हती, ती आजारी माणसाची सेवाच होती. मुनवर डांबर टाळायचा. रस्ता तापला की टायर तापतो, टायर तापला की फुटतो, म्हणून डावी दोन चाकं तो कडेच्या मऊ मातीतून न्यायचा. ब्रेक दाबायचा नाही, कारण ब्रेकनं रबर घासतं. लांबूनच वेग सोडून द्यायचा आणि मोटार आपोआप थांबू द्यायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, जिथं नालबंद बसून बैलांना पत्र्या ठोकतो त्या जागेवरून तर तो मोटार अशी काढायचा, की निजलेल्या पोराला ओलांडून आईनं पाय टाकावा. बैलाच्या पत्रीचा एक खिळा पुरे होता. टायर कुठं फाटलाच तर जुन्या टायरचा तुकडा कापून आतून बसवायचा. त्याला गेटर म्हणतात. बलभीमरावांच्या एकेका टायरात इतकी गेटरं होती, की मूळचा टायर कुठला आणि ठिगळ कुठलं हे मुनवरलाच ठाऊक.

एकदा परंड्याहून बलभीमरावांच्या आईला घेऊन येताना आडरानात ट्यूब अशी फाटली, की तिला ठिगळ लागेना. मुनवरनं ट्यूब काढून फेकली, टायरात गच्च कडबा कोंबला आणि मोटार हळूहळू घरी आणली. म्हातारीनं गावभर सांगितलं. बलभीमराव तर अजून सांगत होते. कुणी पाहुणा आला, की जेवण झाल्यावर पानाबरोबर ही गोष्ट ठरलेलीच. "आमचा मुनवर म्हणजे काय समजता! कडब्यावर मोटार चालवतो. बैल कडबा खाऊन चालतो, आमची मोटारबी तशीच!" पाहुणे हसायचे आणि दाराशी उभा असलेला मुनवर खाली बघायचा.

आता बघा, माणूस वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. बलभीमराव मुनवरला अरे-तुरे करायचे, पण शिवी कधी दिली नाही. ईदेला पोरींना कापड घ्यायचे. फक्त त्या ईदेला मुनवर घरी असेलच असं नसायचं. कुणाचं लग्न असो, कुणाची सोयरीक असो, मोटार मागायला लोक यायचे आणि बलभीमराव मोटारीबरोबर मुनवरलाही देऊन टाकायचे. दोन वर्षांमागची ईद त्यानं भूमला कुणाच्या तरी वरातीत, मोटारीखाली उताणं पडून काढली होती.

मुनवरनं एकदा धीर करून विचारलं होतं, "मालक, यष्टीत डायवर घेत्यात म्हणं. मला सोडाल का?"

बलभीमरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आरं, तुला न्हाय म्हणीन व्हय मी? पण ह्या चाकांवर दुसरा डायवर एक कोस जाईल का, तूच सांग. नवे टायर पडू दे. नवे टायर पडले की कुणीबी चालवील. मग तू मोकळा."

मुनवर खूश होऊन घरी गेला. पण महिना गेला, वर्ष गेलं, दुसरंही गेलं. टायरांचं बोलणं निघालं, की बलभीमराव चाकाला पायानं ठोसा मारून बघायचे आणि म्हणायचे, "चालतंय की अजून! तुझ्या हातात जादू हाय मुनवर." तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. नवे टायर आल्याशिवाय त्याची सुटका नव्हती, आणि तो होता तोवर नवे टायर येणार नव्हते. जितकं काम चांगलं करावं तितकी गाठ घट्ट बसत होती. आणि काम वाईट करावं म्हटलं, तर ते हाताला जमत नव्हतं.

फाल्गुनात हमिदाबीचा भाऊ खाजाभाई ईटला आला. तो धाराशिवच्या डेपोत कंडक्टर होता. चहाचा कप बशीत ओततानाच त्यानं सांगितलं, "येत्या बुधवारी डायवरांची ट्रायल हाय. साहेब बाराच्या आत सगळ्यांना गाडीवर घेणार. म्या नाव सांगून ठेवलंय तुमचं. आता मागं फिरू नका, दाजी."

"मालकांना विचाराया पायजे," मुनवर म्हणाला.

हमिदाबी चुलीपाशी होती. ती वळली. "विचारा की. पण विचारताना मान वर ठेवून विचारा. तुम्ही विचारता तवा असं वाटतंय, तुम्हीच न्हाय म्हनून घ्याया गेलाव."

खाजाभाई हसला. मुनवरही हसला, पण ते त्याला लागलं.

त्यानं मान वर ठेवून विचारलं. बलभीमरावांनी ऐकून घेतलं आणि चक्क म्हणाले, "जा की! आरं, बुधवारी मलाबी कलेक्टर कचेरीत काम हाय. मोटारीनंच जाऊ. तुझी परीक्षा व्हईल, माझं काम व्हईल. यष्टीच्या गर्दीत कशाला धक्के खातू?"

एवढ्या आपुलकीनं बोलल्यावर काय बोलणार? मुनवरच्या मनात होतं पहाटेच्या यष्टीनं जायचं. पण तो "बरं मालक" म्हणाला. घरी येऊन सांगितलं तेव्हा हमिदाबी चुलीपाशीच होती. तिनं नुसता तवा जोरात उलथा केला.

बुधवारी उजाडताच निघाले. मुनवरनं धुतलेला सदरा घातला होता. मागं बलभीमराव, फेटा, कोट, हातात काठी. पारगावला पोचेपर्यंतच पुढच्या उजव्या चाकात बैलाच्या पत्रीचा खिळा घुसला. मुनवरनं डिकीतलं जादा चाक, ज्याला स्टेपनी म्हणतात, ते काढून बसवलं. स्टेपनीही म्हातारीच, पण चालली. आता जवळ काही उरलं नव्हतं. मुनवर मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत कडेकडेनं चालला.

तेरखेडा मागं पडलं आणि पुढं नव्या डांबराचा तुकडा लागला. काळाभोर, गुळगुळीत. त्या काळी असं डांबर दिसलं की शेतकऱ्यांना दुसरंच काही सुचायचं. बघावं तर एका सबंध पट्ट्यावर करडई पसरलेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. करडईच्या झाडाला काटे फार. बडवायची म्हणजे हातापायाला गोणपाट बांधून बडवावी लागते. त्यापेक्षा रस्त्यावर पसरावी, यष्टी आली, ट्रक आला, चाकाखाली बोंडं फुटली, की नुसतं उफणायचं राहतं. दोन बाया सुपं घेऊन कडेला बसल्या होत्या. त्यातली मोठी, नाकात मोठी नथ, कपाळावर आडवं कुंकू, मोटार बघून हरखून उभी राहिली.

मुनवरनं वेग सोडला. कडेनं जायला जागाच नव्हती. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला खडीचा ढीग. तो म्हणाला, "बाई, जरा वाट करा. काटं हायती, आमचं टायर बारीक झाल्यात."

"अगं बया! यष्टीचं टायर टिकत्यात आन् ह्या सायबाच्या मोटारीचं न्हाय?" बाई म्हणाली. तिचं नाव सारजाबाई, रस्त्याकडेचं रान तिचंच. "चला की सरळ! सरकारनं आमाला खळं करून दिलंय, तुमी कशाला लाजताव?"

बलभीमराव मागून म्हणाले, "घे रे मुनवर. काट्यानं काय व्हतंय? तुझ्या हातात हाय."

मुनवरनं घेतली. करडईचे काटे चाकाखाली करकर वाजू लागले. पट्टा संपायला हातभर उरला असेल, मागच्या डाव्या बाजूला बंदुकीसारखा बार झाला आणि मोटार बसली.

सारजाबाई धावत आली. "तेरखेड्याच्या फटाक्याची दारू भरली व्हती का काय चाकात?"

मुनवर उतरला. काट्यानं एवढं होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. काट्यानं फक्त निमित्त केलं. टायराच्या उघड्या सुतांमधून काटा आत गेला, गेटर सरकलं आणि ट्यूब हातभर उभी चिरली होती. ठिगळाला जागाच नव्हती. त्यानं सूर्याकडं बघितलं. अजून वेळ होता, पण फार नव्हता.

बलभीमराव उतरले, टायराकडं वाकून बघितलं आणि हसले. खरंच हसले, जसं काही अशीच वेळ यावी म्हणून ते वाट बघत होते. "भर कडबा!"

सारजाबाईच्या रानात कडब्याची गंज होती. बलभीमरावांनी काठीनं दाखवलं. बाईचं तोंड फिरलं. "वैरण? बैलाच्या तोंडची वैरण चाकाला घालायची? पायाखाली? न्हाय बा. लक्ष्मी हाय ती."

"आवं, दोन पेंढ्या—"

"पेंडी न्हाय, काडी न्हाय देणार. छपराला गवत कापून ठेवलंय, ते न्या हवं तर. पर एक सांगते. चाक भरलं की माझ्या करडईवरनं चार फेऱ्या मारायच्या. मोटारीनं बसकण मारली तवापासनं माझी करडई तशीच पडलीया."

"मारू की! त्यात काय!" बलभीमराव म्हणाले.

मुनवरला वाटलं, ओरडावं. पण हात आधीच कामाला लागले होते. त्यानं टायर रिमवरून उतरवला, गवत ओलं केलं, त्याचे पीळ घातले आणि आतल्या कडेपासून कोंबत चालला. कोरड्या गवताचा भुगा होतो, ओलं दबून बसतं. दोन्ही बाजूंनी सारखं भरावं लागतं, नाहीतर चाक लंगडतं. हे सगळं त्याच्या हातांना माहीत होतं, डोक्याला विचारायचं काम नव्हतं. डोकं बिचारं नुसतं सूर्याकडं बघत होतं.

तेवढ्यात येरमाळ्यावरून धाराशिवला जाणारी यष्टी आली. करडईवरून सुसाट गेली आणि मोटारीपाशी येऊन थांबली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "धाराशिव का? या, जागा करतो!"

मुनवर उभा राहिला. हातात गवताचा पीळ होता, दुसरा हात कोपरापर्यंत टायरात. तोंड उघडलं. पण त्याच्या आधी बलभीमराव बोलले, "जावा तुमी! आमचा मुनवर हाय. आमी मागनं येतूच!" त्यांनी मोठ्या तोऱ्यात हात हलवला. कंडक्टरनं घंटी दिली आणि यष्टी गेली.

मुनवर परत खाली बसला. ते उघडलेलं तोंड त्याला कितीतरी वेळ मिटता आलं नाही.

चाक भरून झालं, बसवून झालं, आणि सारजाबाईच्या करडईवरून फेऱ्याही झाल्या. बाई प्रत्येक फेरीला "आनखी एक, लेकरा, आनखी एक" म्हणत होती आणि मागं बलभीमराव पोटभर हसत होते. मग मोटार धाराशिवच्या वाटेला लागली, टांग्याच्या चालीनं. वेग वाढवला की गवत फिरायचं आणि मोटार डुलायची. एक सायकलवाला घंटी वाजवत पुढं निघून गेला आणि मागं वळून बघत हसला.

डेपोच्या फाटकाशी खाजाभाई उभा होता, तोंड रागानं लाल. सूर्य डोक्यावरून कलला होता. "दाजी, काय हे! साहेब जेवाया निघालं व्हतं. म्या हातापाया पडून थांबवलंय. पळा!"

साहेब साधे होते, चष्मा, खाकी शर्ट. मुनवरच्या गवतानं माखलेल्या सदऱ्याकडं त्यांनी बघितलं आणि गाडीकडं बोट केलं. नवी कोरी यष्टी होती. मुनवर चढण्याआधी टायरापाशी क्षणभर थांबला. त्याची नक्षी इतकी खोल होती, की बोट घातलं तर पेरभर आत जाईल. असा टायर त्यानं हातानं कधी शिवला नव्हता. त्यानं तळवा लावून बघितला. मग चढला.

इंजिन सुरू केलं. गिअर सुरेख पडला. साहेबांनी मान डोलावली. गाडी तुळजापूरच्या वाटेला निघाली. आणि गाव सुटताच स्टिअरिंग डावीकडं चाललं. मुनवरनं वळवलं नव्हतं; त्याला तसं वाटलंही नव्हतं. पण डावी दोन चाकं मातीत उतरली आणि गाडी एका अंगावर कलली.

"मधून," साहेब म्हणाले.

"जी साहेब." त्यानं गाडी वर घेतली. थोडं पुढं गेल्यावर चाकं पुन्हा मातीत.

"अहो, मधून चालवा. रस्ता कशाला केलाय?"

मुनवरला घाम फुटला. डांबरावर घेतलं की पायाखालून काहीतरी तापतंय असं वाटायचं, आणि हात आपोआप सावलीला, मातीला, मऊ जागेला पळायचे. एका वळणावर बैलांच्या खुरांचे ठसे आणि शेणाचा सडा दिसला. इथं कुणी पत्र्या ठोकल्या असतील, असं मनात आलं आणि गाडी जवळजवळ थांबलीच. मागून एक ट्रक भोंगा वाजवत बाजूनं निघून गेला.

"काय झालं?"

"काय न्हाय साहेब. खिळे असत्यात."

साहेबांनी पुढं चुन्यानं आखलेली रेघ दाखवली. "त्या रेघेवर थांबवा. ब्रेक लावून."

मुनवरनं वेग सोडला. ब्रेकवर पाय ठेवला, पण दाबेना. पाय म्हणत होता, दाबू नको, रबर जाईल. गाडी आपल्या मनानं चालत रेघेवरून पुढं गेली, आणखी पुढं गेली, आणि बऱ्याच अंतरावर जाऊन मऊपणे थांबली. मुनवर उतरला आणि कुणी सांगितलं नसताना चारी बाजूंनी फिरून टायरांना मुठीनं ठोसे मारून बघू लागला. चौथ्या ठोशाला त्याला कळलं, आपण काय करतोय. तो तसाच उभा राहिला.

साहेबही उतरले होते. रागावलेले नव्हते. "कुठली गाडी चालवता?"

मुनवरनं सांगितलं. टायरांचंही सांगितलं, गवताचं सांगितलं नाही.

"गाडी तुम्हाला येते," साहेब म्हणाले. "पण तुम्ही तुमचीच गाडी चालवताय, माझी नाही. माझ्या गाडीत पन्नास माणसं असतात. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रायल आहे. तोवर चांगल्या टायरची गाडी चालवा. हाताची सवय मोडा आणि या."

चांगल्या टायरची गाडी. मुनवर "जी" म्हणाला.

बलभीमराव कचेरीचं काम विसरून डेपोबाहेर चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं गोळा करून गवताच्या चाकाची गोष्ट सांगत बसले होते. मुनवरचा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी त्याला बसवलं, पेढ्याचा पुडा पुढं केला. "जाऊ दे रे. त्यांना कदर न्हाय. आपली मोटार तुझीच हाय ना? घरच्यासारखं हाय." त्यांच्या आवाजात मायाच होती. म्हणूनच मुनवरनं पुड्याला हात लावला नाही.

टपरीशेजारीच टायरवाल्याचं दुकान होतं. छताला नवे टायर टांगलेले, त्यांना अजून कागद गुंडाळलेले. मुनवरनं मान वर ठेवून विचारलं, "मालक, दोन तरी घेऊ या का?"

बलभीमरावांनी मनापासून आश्चर्यानं त्याच्याकडं बघितलं. "कशाला? गवतावर आलाव की आपण!" मग त्यांनी टायरवाल्याकडून एक जुनी ट्यूब आणि गेटराला एक तुकडा घेतला. पारगावच्या चाकालाही ठिगळ मारून घेतलं. मुनवरनं आपल्या हातानं गवत उपसून काढलं, गेटर बसवलं, हवा भरली. दुकानदार म्हणाला, "हात लई चांगला बसतो तुमचा." मुनवरनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

परतीला निघाले. येडशी येईपर्यंत मोटार रोजच्यासारखीच मातीतून चालली. येडशीच्या पुढं रस्ता सरळ आणि मोकळा झाला. मुनवरनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि मोटार डांबरावर घेतली. मधोमध. हात डावीकडं ओढत होते. त्यानं ओढू दिलं नाही.

बलभीमराव डुलक्या घेत होते. ते जागे झाले. "मुनवर, डांबर तापलंय रे. बाजूला घे."

"साहेबांनी मधून चालवाया सांगितलंय, मालक."

"कुठला साहेब? आरं, त्याची गाडी न्हाय ही!"

"व्हय. पर दुसरी कुठली हाय मला शिकायला?"

पुढं खडी पसरलेली होती. एरवी अशा जागी तो उतरून दगड बाजूला करायचा. आज गेला तसाच. खडी टायराखाली उडून मडगार्डवर ताडताड वाजली. बलभीमरावांनी पुढच्या सीटची पाठ धरली. "कडंनं घे! मुनवर! कडंनं!" पुढं उतार आला. मुनवरनं ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, साहेबांच्या रेघेवर थांबवावं तसा. रबर घासल्याचा वास आला. मोटार थांबली, पुन्हा निघाली. पुन्हा एकदा दाबला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात आता डावीकडं कमी ओढत होते.

येरमाळ्याच्या अलीकडं टायर गेला. मागचा डावाच. बार झाला आणि मोटार हेलकावे खात कडेला जाऊन थांबली. स्टेपनी नव्हती असं नाही. ती काढून बसवली. तिच्यावर कोसभर गेले असतील, तीही गेली. मोटार डांबराच्या मधूनच होती.

उन्हं उतरली होती. दोन्ही बाजूंना काढून झालेली रानं, मधे बांधावर वाळलेलं गवत. बलभीमराव खाली उतरले. फुटलेल्या टायराभोवती एक फेरी मारली. शेवटी काठीनं बांधाकडं दाखवलं. "बरं. झालं ते झालं. भर गवत. अंधाराच्या आत घरी जाऊ."

मुनवर रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "मला येत न्हाय, मालक."

"काय येत न्हाय?"

"गवत भराया."

"सकाळी येत व्हतं की!"

"सकाळी येत व्हतं."

बलभीमराव त्याच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी या माणसाचे हात बघितले होते, तोंड नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं. मग त्यांनी काठी मोटारीला टेकवली, कोट काढून सीटवर ठेवला, बाह्या सारल्या आणि स्वतः बांधावर गेले. कोरडं गवत उपटून आणलं. टायर रिमवरून उतरवायला त्यांना लई वेळ लागला. लोखंडी पट्टी निसटून बोटाला लागली. गवत त्यांनी एका बाजूनं मूठ मूठ कोंबलं आणि ते दुसऱ्या बाजूनं तितकंच बाहेर पडलं. पाणी लावलं नाही. पीळ घातला नाही.

मुनवर बघत होता. ते किती चुकतंय हे त्याच्या बोटांना कळत होतं. बोटं आखडत होती, उठून जायला बघत होती. दोन वेळा तो अर्धा उठला. मग त्यानं दोन्ही हात काखेत घातले आणि घट्ट दाबून धरले.

"आरं, सांग तरी," बलभीमराव खाली मान घालून म्हणाले. धापा टाकत होते. "भरू नको तू. नुसतं सांग. आधी कुठून भरायचं?"

मुनवरनं हात काखेतून काढले नाहीत. "टायर नवे घ्या, मालक," तो म्हणाला.

बलभीमरावांनी गवताची मूठ टायरात कोंबली. तीही बाहेर पडली. त्यांनी ती पुन्हा उचलली.